एक्केचाळीस नळ्या

८ जानेवारी २०२५, बुधवार

हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या शितल मॅडमनी टीबीच्या अभ्यासाच्या कामासाठी हिरव्या पुठ्ठ्याची नोंदवही दिली आहे. तिच्यात नमुना क्रमांक, वेळ, तापमान आणि सही, एवढंच लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. ही दुसरी वही माझी स्वतःची. हिच्यात मी हवं तसं खोडणार आहे.

तर आजपासून मी, कुरुंद्याची आकांक्षा, हिंगोलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीची राणी आहे. खोलीत एक टेबल, नळ्या गरगर फिरवणारा एक सेंट्रिफ्यूज, एक मोरी आणि उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर. फ्रीजर सारखा घुरघुरतो, पण त्याला नावं ठेवायची माझी बिशाद नाही. पुढचे दोन महिने माझं सगळं नशीब त्याच्या पोटात राहणार आहे.

मदतीला निर्मलाबाई आहेत. सेनगावच्या रस्त्याला त्यांचा तांडा. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, बोलणं मोजकं, केसांत दोन्ही बाजूंना चांदीच्या घुगऱ्या लोंबतात. सहा वर्षांपूर्वी त्यांना स्वतःला टीबी झाला होता, औषधं पूर्ण घेऊन खडखडीत बऱ्या झाल्या. म्हणूनच मॅडमनी त्यांना निवडलं. मी सांगितलेलं लोक ऐकतील की नाही कुणास ठाऊक, यांचं नक्की ऐकतील.

दुपारी सामान उघडलं. हैदराबादहून आलेल्या शुद्ध पाण्याच्या कॅन आणि नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या. मी बाटल्या मोरीवर नेऊन साबणाच्या पाण्यानं खळखळून घासल्या, नळाखाली तीनदा धुतल्या, शेवटी थोडं शुद्ध पाणी फिरवलं. निर्मलाबाई दारात उभ्या होत्या.

“नव्या हाईत ना? पिशवीतून आत्ताच काढल्या. काहून धुऊन राहिल्या?”

“सवय आहे, मावशी.”

सवयच आहे. आमच्या घरी बाजारातून आलेलं भांडं घासल्याशिवाय त्याला पाण्याचा थेंब दाखवत नाहीत. आईचा कायदा. संध्याकाळी मॅडमचं सूचनापत्रक पुन्हा वाचलं. त्यात ठळक अक्षरात लिहिलंय: धुतलेली काचेची भांडी वापरू नयेत. सगळी खोली पालथी घातली. खिडकीची तावदानं सोडली तर काच औषधाला नाही. मी शिस्तीत पक्की आहे, हे इथं लिहून ठेवते.

११ जानेवारी, शनिवार

पहिला नमुना घेतला. उत्तमसिंग, निर्मलाबाईंच्याच तांड्यातले. कालच तपासणीत टीबी निघाला. रक्त आज सकाळी नऊला घेतलं आणि साडेनऊला त्यांनी पहिल्या गोळ्या घेतल्या.

या कामातली मेख हीच आहे. आम्हाला औषध सुरू व्हायच्या आधीचं रक्त हवं, आणि औषध एक दिवसही थांबवायचं नाही. म्हणजे प्रत्येक माणसाचं रक्त एकदाच. सांडलं, नासलं, तर ते पुन्हा मिळणं नाही, कारण गोळ्या घेतलेला माणूस मग वेगळा माणूस असतो.

उत्तमसिंगांच्या ओट्यावर दहा-बारा जण जमले होते. रक्ताचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी सुरुवात केली: रक्तातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर नाना तऱ्हेची प्रथिनं असतात, त्यावरून ती पेशी कुठली आणि काय करतेय ते कळतं. एकेका प्रथिनाला धरणारी एकेक अँटीबॉडी असते. तिच्या शेपटीला आम्ही एक धातू बांधतो, शरीरात कधी नसतो असा. हैदराबादचं यंत्र मग एकेक पेशी जाळतं आणि मागं उरलेल्या धातूंचं वजन करतं. ज्या वजनाचा धातू सापडला, त्याचं प्रथिन त्या पेशीवर होतं. अशी एका पेशीवरची तीस-पस्तीस प्रथिनं एकदम मोजता येतात.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा निर्मलाबाई पुढं झाल्या.

“बाजारात बैल मिसळले तर वळखायला शिंगांना रंग लावतेत का न्हाई? तसंच हाय. रक्तातल्या कणांना ह्या धातूचा रंग लावतेत. मंग कोन लवकर बरं होतंय अन् कोन मागं ऱ्हातंय, ते आधीच कळंल.”

“अन् रक्त वाया गेलं तर?” उत्तमसिंगांनी विचारलं.

“न्हाई जाणार. माझी जबान हाय.”

मला हेवा वाटला. माझी एम.एस्सी. आणि त्यांचे बैल, आणि बैल जिंकले.

२३ जानेवारी, गुरुवार

सतरा झाले. दिवस कसा जातो कळत नाही. सकाळी जीपनं गावात, रक्त, बर्फाचा डबा, परत खोली. लाल पेशी फोडायच्या, पांढऱ्या उरवायच्या, धातूच्या अँटीबॉडींबरोबर ठेवायच्या, धुवायच्या, पक्क्या करायच्या, गोठवायच्या. धुण्याचं द्रावण मी दर सोमवारी ताजं करते, दर सोमवारी धुतलेल्या बाटलीत. निर्मलाबाई फरशी पुसतात, नळ्यांवर नंबर चिकटवतात आणि मी जेवले का ते विचारतात.

आई रोज फोन करते. आज म्हणाली, “भांडी सोच्छ ठेवती का न्हाई?” मी म्हटलं, माझ्या भांड्याला कुणी बोट लावून दाखवावं.

९ फेब्रुवारी, रविवार

एक्केचाळीस! काल संध्याकाळी शेवटची नळी फ्रीजरमध्ये गेली. त्यातले एकोणीस जण तांड्यांवरचे, एकूण एक निर्मलाबाईंच्या शब्दावर आलेले. उद्या आठ नळ्या सुक्या बर्फात घालून हैदराबादला जातील. तेहतीस इथंच राहतील.

आज मी स्वतःला सुट्टी दिली आणि भरपूर झोपले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमचा फोन सकाळी अकराला आला. मॅडम कळमनुरीच्या. रागावल्या की त्यांचं मराठी एकदम पुस्तकी होतं. आज फार पुस्तकी होतं.

“आकांक्षा, तुझ्या आठही नळ्यांमध्ये बेरियमचा अक्षरशः डोंगर आहे. मला यंत्र बंद करून धुवावं लागलं.”

बेरियम हा आमच्या धातूंपैकी नव्हे. त्याचं वजन एकशे अडतीस. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण यंत्राच्या आगीत त्याला ऑक्सिजनचे सोळा येऊन चिकटतात आणि होतात एकशे चौपन्न. पहिलीतल्या पोराला जमेल अशी बेरीज. आमच्या समॅरियमचं वजनही एकशे चौपन्नच, आणि ते आम्ही अशा एका प्रथिनाला बांधलंय जे मोजक्याच पेशींवर असतं. आता ते सगळ्या पेशींवर दिसतंय. जिथं असूच शकत नाही तिथंही. सगळं खोटं.

“सगळ्यांच्या रक्तात बेरियम असणार नाही. तिथल्याच कशातून तरी येतंय. धुतलेली काच वापरलीस का?”

“नाही मॅडम. काचच नाही खोलीत.”

“मग शोध. एक्केचाळीस माणसं परत मिळणार नाहीत.”

फोन ठेवला. मी खुर्चीत बसले आणि फ्रीजरकडे बघत राहिले. तेहतीस नळ्या आत, आणि बहुतेक सगळ्या नासलेल्या.

मी कुठं चुकले? काहीच आठवत नाही. माझी प्रत्येक पायरी वहीत आहे, सहीसकट.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे जाग आली आणि डोक्यात एकच आलं: धातू. खोलीत धातू कुठला येतो? घुगऱ्या.

निर्मलाबाईंच्या केसांतल्या घुगऱ्या नळ्यांवर नंबर लावताना टेबलावर लोंबतात. शिवाय त्यांच्या हातांनी काय काय शिवलेलं असतं. शेण, राख, शेतातली औषधं. याचा विचार मी आधी कसा केला नाही?

सकाळी त्या आल्यावर मी आधी त्यांना हात धुवायला सांगितले. माझ्यासमोर. मग पुन्हा एकदा धुवायला सांगितले, कोपरापर्यंत. त्यांनी धुतले. मग म्हटलं, “मावशी, घुगऱ्या काढून ठेवाव्या लागतील.”

त्या थांबल्या. “बाई, ह्या लग्नाच्या हाईत. धनी जिता हाय माझा.” त्यांचे मालक धर्मसिंग ऊसतोडीला गेलेत, होळीला येतील.

“खोलीत असताना फक्त.”

त्यांनी वाद घातला नाही. घुगऱ्या काढल्या, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या, आणि दिवसभर एक हात त्या गाठीवर ठेवून काम केलं. मला थोडं कसंतरी झालं. पण विज्ञानात भावनेला जागा नसते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नऊ नळ्या हैदराबादला पाठवल्या. घुगऱ्या बुडवून ठेवलेलं पाणी. निर्मलाबाईंच्या हातांचं नुसत्या शुद्ध पाण्यातलं धुवण. फरशीच्या बादलीतलं पाणी. टेबल पुसल्याचं पाणी. बर्फाच्या डब्यातलं. जीपच्या धुळीचं. बोअरचं. आठवी नळी सरळ कॅनमधल्या शुद्ध पाण्याची. नववी माझ्या स्वच्छ बाटलीतल्या शुद्ध पाण्याची, तुलनेसाठी. काहीच नाही म्हणजे कसं दिसतं, ते यंत्राला कळायला हवं ना.

निर्मलाबाईंना सांगितलं की निकाल येईपर्यंत खोलीवर येऊ नका. मॅडमनाही फोनवर तसंच सांगितलं: बहुधा मदतनीस. मॅडम म्हणाल्या, “बहुधा हा शब्द निकाल आल्यावर वापर.”

निर्मलाबाईंनी पिशवी उचलली. दारात वळून त्यांनी एवढंच विचारलं, “त्या एकोणीस जणांना काय सांगू?”

मी म्हटलं, अजून काही सांगू नका. त्या मान हलवून गेल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल आला. काहीतरी गडबड आहे.

घुगऱ्यांचं पाणी: बेरियम नाही. हातांचं धुवण: नगण्य. टेबल, डबा, धूळ: नाही म्हणायला हरकत नाही. बादली: बरंच. बोअर: थोडंसं. कॅनमधलं पाणी: स्वच्छ. आणि माझ्या स्वच्छ बाटलीतलं पाणी: सगळ्यांत जास्त!

उघड आहे, हैदराबादला कुणीतरी नळ्यांची अदलाबदल केली. मी मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी स्वतः चालवल्या, आकांक्षा. दोनदा.” मग म्हणाल्या, दोन दिवस घरी जा, झोप काढ.

सगळ्यांत शुद्ध वस्तूत सगळ्यांत जास्त घाण कशी निघेल? मला हसावं की रडावं कळेना. उद्या कुरुंद्याला जाते.

२३ फेब्रुवारी, रविवार. कुरुंदा

गावभर हळद शिजण्याचा वास आहे. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दोघंही शेतावरून दुपारी आले, हात कोपरापर्यंत पिवळे. मी ओट्यावर बसून बेरियमचा विचार करत होते.

दादांनी बाजारातून पाण्यासाठी नवा प्लास्टिकचा जार आणला होता. वरचं कव्हर तसंच होतं. आईनं ते फाडलं, जार मोरीवर नेला आणि साबणाचं पाणी ओतून आत हात घालून घासायला लागली. फेस वर आला. तीनदा खळखळून धुतला. मी बघत होते. बघता बघता माझ्या हातातली बशी खाली ठेवली.

साबण.

काचेची भांडी का वापरायची नाहीत? काचेमुळे नव्हे. धुतलेली, असं लिहिलं होतं. साबणातलं बेरियम भांड्याला धरून राहतं म्हणून. मी काच तेवढी वाचली आणि धुतलेली सोडून दिलं. बादलीत बेरियम का निघालं? त्यात मी साबण टाकायला लावते म्हणून. आणि माझी बाटली! दर सोमवारी घासलेली, माझ्याच हातांनी.

“आई, नवीन भांडं काहून धुतेस तू?” मी विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

आई हसली. “काहून म्हंजे? मी अंगणवाडीवर मदतनीस लागले ना, तवा काही घरची लेकरं माझ्या हातचं खायची न्हाईत. आया येऊन पातेल्यात वाकून बगायच्या, वास घ्यायच्या. मंग मी त्यांच्या देखत पातेलं घासायची. दोनदा. एकडाव माझ्यासाठी, एकडाव त्यांच्या डोळ्यांसाठी. मंग ती सवयच लागली बग. आपल्या भांड्याला कुणी नाव ठिवू नये.”

तिनं हे अगदी सहज सांगितलं, जार उपडा घालता घालता.

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि रडले. बेरियमसाठी नाही. मी निर्मलाबाईंना माझ्या देखत हात धुवायला लावले होते. दोनदा. कोपरापर्यंत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हिंगोलीत पोचल्याबरोबर मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. बाटल्या, साबण, सोमवार, आई. निर्मलाबाईंचंही.

“शिकलेली पोरं मुद्दाम चुका करत नाहीत, चांगुलपणानं करतात,” त्या म्हणाल्या. “आता हिरव्या वहीत प्रत्येक सोमवारच्या नोंदीवर रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही कर.”

“आणि नळ्या, मॅडम?”

“तुझे धातू अँटीबॉडीला घट्ट बांधलेले आहेत, आणि अँटीबॉडी प्रथिनाला. बेरियम मात्र नुसतं पाण्यात तरंगतंय किंवा पेशीवर बसलंय. मग ते धुऊन निघायला हवं. हवं, असं म्हणतेय मी. निघेलच असं नाही. पुन्हा पुन्हा धुताना पेशीही वाहून जातात. त्या आठही नळ्या अर्ध्या शिल्लक आहेत, त्यातली उत्तमसिंगांची आधी करून बघते. यंत्रावर माझा नंबर सहा मार्चला आहे.”

पहिला बुधवार आणि चार सोमवार, पाच रेघा, पाच सह्या. हात दुखेल इतकं काही नव्हतं, तरी दुखला.

निर्मलाबाईंकडे आजच जायला हवं होतं. गेले नाही. जाऊन काय सांगू, तुमची चूक नव्हती, पण रक्त तरीही वाया गेलंय? असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण, तोंड दाखवायला भीती वाटते.

१ मार्च, शनिवार

काही काम नाही. सेनगाव स्टँडवर जाऊन तांड्याकडच्या जीपमध्ये बसले होते. जीप भरायच्या आत उतरले आणि परत आले.

उत्तमसिंगांची नळी वाचली नाही तर कुणाचीच वाचणार नाही. मग मी उत्तमसिंगांना काय सांगणार? तुमचं रक्त मी जास्त स्वच्छतेनं नासवलं?

६ मार्च, गुरुवार

साडेतीनपर्यंत फोन नाही. मी नवा टेबलक्लॉथ दोनदा घडी केला, दोनदा पसरला. चार वाजता वाजला.

“पाच वेळा धुतली,” मॅडम म्हणाल्या. एकदम कळमनुरीचं मराठी! “पेशी ऱ्हायल्यात बराबर. बेरियम गेलं. समॅरियम जिथं पाहिजे तिथंच हाय, बाकी कुठंच न्हाई. ऐकतेस ना?”

मी नुसती व्हय व्हय म्हणत राहिले. मॅडमनी मला चित्र पाठवलं. उत्तमसिंगांच्या पेशी ठिपक्याठिपक्यांनी दोन थव्यांत बसल्यात, एक मोठा, एक लहान, आणि ते प्रथिन फक्त लहान थव्यावर. गेल्या महिन्यात दोन्ही थवे एकाच रंगात बुडाले होते. मी ते चित्र इतक्यांदा बघितलं की फोनची बॅटरी संपली.

सुटले. दुसरा शब्द नाही. फ्रीजर घुरघुरत होता आणि मला तो आवाज आज गाण्यासारखा वाटला. मी मोरीवरची साबणाची बाटली उचलली, पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि कपाटाच्या वर अगदी मागं ढकलली.

७ मार्च, शुक्रवार

गेले. या वेळी जीप भरायची वाट बघत बसून राहिले.

निर्मलाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. घुगऱ्या केसांत होत्या. मी उभ्याउभ्याच बोलायला लागले, कारण बसले असते तर धीर सुटला असता. “मावशी, रक्त वाचलं. सगळं वाचेल. चूक माझी होती. मी बाटल्या साबणानं धुवायची, त्या साबणातून येत होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, नव्या बाटल्या काहून धुता. तुमच्या हातात काही नव्हतं, घुगऱ्यांत काही नव्हतं. मी उगाच तुम्हाला...”

त्या माझ्याकडे बघत होत्या.

“उत्तमसिंगचं वाचलं?” त्यांनी विचारलं.

“त्यांचंच आधी केलं. स्वच्छ निघालं.”

त्यांनी डोळे मिटले आणि सुपावर दोन्ही हात टेकून बसल्या. “रोज विचारून राहिला तो. काय झालं रक्ताचं, काय झालं. मी म्हणायची, मिशीन नादुरुस्त हाय. जबान दिली व्हती ना मी.” मग म्हणाल्या, “बसा. ऊन हाय. पाणी घ्या.”

त्या आत गेल्या. मला दारातून दिसत होतं. त्यांनी तांब्या घेतला, राखेनं घासला, धुतला. मग माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा घासायला घेतला.

ते बघवेना. मी चप्पल काढून आत गेले आणि त्यांचा हात धरला.

“मावशी, राहू द्या. आहे तसाच द्या. नाहीतर न धुतलेला दुसरा द्या.”

“न धुतलेला कसा देऊ?”

“तुम्ही रोज पिता त्याच्यातनं द्या.”

त्यांनी राखेचा हात तसाच ठेवला, मला नीट बघून घेतलं, आणि माठावरचा त्यांचा स्वतःचा पेला भरून दिला. मी उभ्यानंच प्यायले, अर्धं अंगावर सांडलं. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “एवढी शिकलेली पोरगी, अन् पाणी प्यायला येईना.” मग दोघी बसून तूर निवडली. सोमवारी येते म्हणाल्या. घुगऱ्या घालून येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते सांगायची गरज उरली नव्हती.

१७ मार्च, सोमवार

उरलेल्या तेहतीस नळ्याही धुऊन मोजायला गेल्या होत्या; काल हैदराबादहून शेवटचा निरोप आला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. दोन नळ्यांत पेशी थोड्या कमी भरल्या, पण चालतील. मॅडम म्हणतात, बेरियम अंगावर पडल्याशिवाय कुणी पक्कं होत नाही, त्यांच्याही हातून एकदा एक अख्खा महिना गेला होता. हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझं दोन शेर रक्त आटलं नसतं!

होळीला धर्मसिंग आले. आज निर्मलाबाईंनी कामावर येताना त्यांना सोबत आणलं होतं, खोली दाखवायला. त्यांनी फ्रीजरला हात जोडले. मग उत्तमसिंगांचं चित्र बघायला मागितलं आणि बराच वेळ बघितलं. “ह्यो त्याचा कळप व्हय?” म्हणाले. मी म्हटलं, व्हय, हाच.

दुपारी आई आली. पहिल्यांदाच. हळदीचं काम आवरलंय, म्हणून डबा घेऊन एसटीनं. तिनं खोली बघितली, फरशी बघितली, कोपरे बघितले आणि मान डोलवली. आज सोमवार, नवं द्रावण करायचं होतं. टेबलावर पाकिटात नवी बाटली होती. माझी पाठ वळली तेवढ्यात आईनं पाकीट फाडलं आणि बाटली घेऊन मोरीकडे निघाली.

निर्मलाबाईंनी तिला अर्ध्या वाटेत गाठलं. “वैनी, थांबा. ती धुवायची न्हाई.”

“नवी हाय. धुतल्याबिगर कशी वापरायची?”

“धुतली की बिघडती. हितं सगळं उलटंच हाय.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “व्हय आई. ही आपण नाही धुवायची.”

“अन् कुणी नाव ठिवलं तर?”

“कोन ठिवतंय?” निर्मलाबाई म्हणाल्या. “हितं आपणच हाव की.”

आईनं बाटली परत टेबलावर ठेवली. हात कोरडेच होते, तरी तिनं ते पदराला पुसले आणि निर्मलाबाईंच्या शेजारी स्टुलावर बसली.